ऑप्शनला टाकलेला धडा

आमच्या इंग्रजीच्या सरांनी दहावीच्या अख्ख्या वर्गाला फसवलं. इंग्रजी व्याकरणातला व्हर्बल्सचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "हा ऑप्शनला टाका." आम्ही टाकला. संध्याकाळी घरच्या शिकवणीत मात्र तोच धडा ते घोटून घेत होते.

साल दुष्काळाचं. उमरग्याकडच्या आमच्या गावातली निम्मी पोरं सुट्टीला रस्त्याच्या कामावर खडी फोडायची; मीही फोडायचो. शिकवणी आम्हाला परवडत नव्हती. इंग्रजीत नापास झालो तर शाळा सुटणार आणि हातोडा कायमचा हातात राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. भर वर्गात मी धडा शिकवा म्हणालो.

"खडी फोडायला व्हर्बल्स कशाला लागतात रे?" सर म्हणाले. पोरं हसली. माझं डोकं फिरलं, पण भांडून धडा मिळणार नव्हता.

माझ्या बाकावरचा दुकानदाराचा मुलगा त्या शिकवणीला जायचा. त्याच्या घरी कानडी; मराठी व्याकरण म्हटलं की त्याला घाम फुटायचा. मी सौदा टाकला.

"मी तुला धातुसाधितं शिकवतो. तू मला व्हर्बल्स."

"आधी तू शिकव."

"व्वा शेठ! दुकानात आधी माल दाखवता का पैसे मागता?"

तो हसला आणि वही घेऊन आला. दुकानामागच्या पोत्यांवर बसलो. मी सांगितलं, "फोडणं, फोडलेली, फोडायला. तिन्ही क्रियापदातून निघालेत, पण एकटं कुणीच वाक्य पुरं करत नाही. 'खडी फोडणं अवघड आहे' यात ते नाम झालं. 'फोडलेली खडी' यात विशेषण. 'फोडायला गेलो' यात कशासाठी गेलो ते कळतं."

त्यानं वहीकडं बघितलं. ब्रेकिंग, ब्रोकन, टू ब्रेक.

"आयला, हे तर तेच हाय की!"

"मग तुझे सर एवढं काय लपवत होते?"

त्यानं वही माझ्याकडं सरकवली. आम्ही दोघं पास झालो. धडा सोडलेली बरीच पोरं त्या पेपरात गेली आणि शाळेकडं पुन्हा फिरकली नाहीत. ती माझ्याहून मठ्ठ नव्हती. त्यांनी गुरुजींचा शब्द खरा मानला, एवढंच.

पुढं सर सोसायटीचे चेअरमन झाले. गोरगरिबांच्या शिक्षणावर अजून भाषणं ठोकतात. मी समोर बसून ऐकलीत. सर, पोत्यांवर बसून एका संध्याकाळी आम्हाला कळलं ते तुम्ही वर्षभर दाबून ठेवलंत. त्या पोरांना एकेकाला बोलावून तोंडावर सांगा, का ठेवलंत?