टिकल्यांचं मतदान

ही माझी फजिती चहा संपेपर्यंत सांगून होईल. हसायचं असेल तर मोठ्यांदा हसा, तोंडावर रुमाल धरून हसलेलं मला जास्त लागतं.

स्कॉटलंडमध्ये मी शिकायला होते, तिथलं चित्र आधी डोळ्यांसमोर आणा. नगरपालिकेचं बजेट ठरायच्या आधी लोक एका सभागृहात जमायचे. सूपचे वाडगे हातात, भिंतीवर कामांचे तक्ते, आणि ज्याला जे काम हवं त्या तक्त्यावर तो एक रंगीत गोल स्टिकर लावायचा. बागेत बाकडं हवं की नको यावर बोलताना एक आजोबा रडले होते. त्यांच्याबरोबर मीही रडले. तिथंच ठरवलं, हे सगळं आमच्या सिल्वासाला न्यायचं.

सिल्वासात मला काय सापडलं? एक नोटीस. नगरपालिकेच्या जिन्याखाली, रक्तदान शिबिराच्या पोस्टरनं निम्मी झाकलेली. ‘नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी सूचना द्याव्यात.’

मी टेबलापाशी जाऊन विचारलं, “सूचना कुठे द्यायच्या?”

टेबलामागचे भाई माझ्याकडे पाहत राहिले. “कसली सूचना?”

“बजेटची. तुम्हीच मागवल्यात.”

“हां, मागवल्यात,” ते म्हणाले. “आज सुधी कोईए आपी नथी. अजून कुणी दिलीच नाही.” मग जरा विचार करून, “बेन, लेडीजच्या आणा ना. फोटोसाथे. साहेबांना लेडीजच्या पाहिजेत. अजून आठवडा आहे.”

याला मी प्रोत्साहन समजले. वय लहान होतं म्हणावं, तर ही गोष्ट याच जानेवारीतली आहे.

आता सुमनमावशी. आमच्या क्वार्टरच्या मागच्या बाजूला चाळीत राहते. मूळची धुळ्याकडची, नवरा वारला तेव्हापासून जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला. कंपनीची बस तिला नाक्यावर सोडते. नाका ते चाळ या रस्त्याला एकही दिवा नाही, आणि एका अंगाला उघडं गटार. दिवाळीनंतर ती त्यात पडली, मनगट मोडलं, रोज बुडाला. आता सुपरवायझर म्हणतो, दुसरी पाळी कर, नाहीतर घरी बस. दुसरी पाळी सुटते रात्री अकराला.

“एक खांब लागला ना माय, तरी माझं काम राहील,” ती मला म्हणाली होती. “तुझ्या त्या बजेटात एक खांब बसतो का बघ.”

बसतो म्हणजे काय, मी म्हटलं, पहिलाच तो. शनिवारी चार वाजता आमच्या घरी गल्लीतल्या सगळ्या बायकांची सभा. मतदान होईल, दिवे जिंकतील, मी कागद नेऊन देईन. मावशीला आठवड्याची सुट्टी शनिवारीच होती. ती म्हणाली, येते.

अडचण एकच, बाजारात गोल स्टिकर मिळेनात. दुकानदारानं किमतीची लेबलं दाखवली, शाळेच्या वह्यांवरचे ससे दाखवले. आणि मग माझी नजर शेजारच्या गाड्यावर गेली. टिकल्या. गोल, रंगीत, मागं गोंद. मला इतका आनंद झाला की मी गाडा जवळजवळ रिकामा केला. परदेशी पद्धत देशी मातीत रुजवणं म्हणतात ते हेच, असं मी गाडेवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मरून जास्त खपतात, त्या घ्या.

मग घरोघर निमंत्रण. “शनिवारी चार वाजता या. प्रत्येकीला टिकल्यांचं पाकीट मिळणार आहे.” आईनं नुसतं विचारलं, “जानेवारीत बायकांना बोलावतेस, तर तिळगूळ ठेवायचा ना?” मी म्हटलं, ठेव की, सभेत खायला काहीतरी लागतंच.

तुम्हाला सगळं कळलंय. मला अजूनही कळलेलं नव्हतं.

शनिवारी चारच्या आधीच दारात चपलांचा ढीग. मी भारावले. तिकडे सूप देऊनही एवढे लोक येत नसत, इथे काळ्या चंद्रकळा नेसून, गजरे माळून लोकशाही आली होती. आत येणारी प्रत्येक बाई माझ्या कपाळाला हळदकुंकू लावत होती. मी प्रत्येकीला वाकून नमस्कार करत होते. केवढी ही आपुलकी.

भिंतीवर मी चार तक्ते लावले होते: रस्त्याचे दिवे, गटार, पाण्याची टाकी, बाग. पाकिटं वाटली. बायकांनी ती पर्समध्ये टाकली.

“नाही नाही, घरी न्यायच्या नाहीत,” मी म्हटलं. “या भिंतीवर लावायच्यात.”

समोरच्या घरातल्या पाटीलकाकूंनी आईकडे पाहिलं. “अहो वहिनी, वाण देऊन परत मागायची पद्धत तिकडची का?”

आई म्हणाली, “ती शिकून आली आहे, तिला करू दे.”

मी पंधरा-वीस मिनिटं बोलले. नागरिक कोण, अंदाजपत्रक कुणाचं, सत्ता म्हणजे काय. बायका ऐकत होत्या, अधूनमधून तिळगुळाची ताटली फिरत होती. एका ताईनं हळूच विचारलं, “उखाणे नंतर आहेत का?”

शेवटी माझा मान ठेवायला त्या उठल्या. प्रत्येकीनं पाकिटातली आपल्याला न शोभणारी एक टिकली काढली आणि बाकीच्या जपून ठेवल्या. बागेच्या तक्त्यावर मी हौसेनं फूल काढलं होतं. पहिलीनं पाकळीवर लाल लावली. दुसरी म्हणाली, मग देठाला हिरवी हवी. तिसरीनं मध्ये पिवळी लावली. मग काय, सगळ्या तिथेच. दहा मिनिटांत ते फूल असं देखणं झालं की फोटो काढायला रांग लागली. दिव्यांच्या तक्त्यावर एक टिकली होती, तीही माझी.

“अहो, पण दिवे?” मी म्हटलं. “नाक्याच्या रस्त्यावर किती अंधार असतो.”

“तिकडून आम्ही कुठे येतो गं,” पाटीलकाकू म्हणाल्या. “हे स्कूटरवर आणतात.”

तेवढ्यात हेतलबेन आल्या. आमच्या वॉर्डाच्या मेंबरची, म्हणजे नगरसेवकाची, पत्नी. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण जानेवारीत एवढ्या चपला दिसल्या की त्यांना बोलवावं लागत नाही. बरोबर स्टीलच्या डब्यांचं पोतं, झाकणावर मेंबरसाहेबांचा फोटो. भिंतीकडे पाहून त्यांनी हात जोडले.

“केटलुं सरस! सगळ्या बहेनोंना बाग पाहिजे?”

“हो,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. डबा हातात असताना नाही कोण म्हणेल? आमच्यापासून थोड्या अंतरावर दादऱ्याला तळ्याकाठी एवढी मोठी बाग आहे, हे मी सांगत होते, पण फोटो चालू होते.

बायका गेल्यावर मी आईला म्हटलं, “एवढं सगळं जिच्यासाठी केलं, ती सुमनमावशीच आली नाही.”

आई ताटल्या गोळा करत होती. “आली होती. फाटकातून पाहिलं आणि परत गेली.”

“का?”

“हळदीकुंकवात ती कशी येईल?”

“हे हळदीकुंकू नव्हतं, आई.”

आईनं मला खांद्याला धरून आरशासमोर उभं केलं. भुवईपासून भांगापर्यंत कपाळ लालपिवळं माखलेलं. “मग काय होतं?” ती म्हणाली.

“तू तिला हाक का नाही मारलीस?”

“त्या सगळ्यांसमोर? आणि कुणी काही बोललं असतं म्हणजे?” आईनं ताटल्या पुन्हा उचलल्या. “मला हिंमत झाली नाही, ऋचा.”

माझी कुठली तोंड वर करून बोलायची सोय? प्रत्येक नागरिकाला एक मत, म्हणून ओरडणारी मी. आणि मताची खूण म्हणून काय निवडलं, तर जी वस्तू गल्लीतल्या एकाच बाईला चारचौघींत लावता येत नाही ती. त्या बाईनं मागितला होता एक खांब.

त्याच संध्याकाळी वॉर्डाच्या ग्रुपवर फोटो आला. मधोमध मी, कपाळभर कुंकू, हातात साहेबांचा डबा, दात दिसतायत. खाली लिहिलेलं: ‘बजेटबाबत महिलांशी संवाद. महिलांची एकमुखी मागणी, बाग.’ नगरपालिकेतल्या भाईंनी खाली अंगठा दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाळीत गेले. सुमनमावशी भाकऱ्या थापत होती.

“या मेंबरीणबाई,” ती म्हणाली. “फोटो चांगला आलाय. बाग कधी होतेय?”

“मावशी, चुकलं माझं.”

“टिकली लागते हे आधी सांगायचं ना पोरी. कंपनीत जाताना लावते मी. तिथं कोण विचारतं? पण त्या पाटलीणबाईसमोर नको वाटतं.”

“हा जो समाज आहे ना, मावशी, विधवेला...”

“भाषण नको,” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “खांबाचं बोल. चार दिवस बाकी आहेत ना?”

तिथे, त्या तव्यासमोर, मी ठरवलं. पुढचं हळदीकुंकू या चार दिवसांतच, सुमनमावशीच्या खोलीवर. जिला यायचं तिनं यायचं, कुंकू लावणारीनं आणि न लावणारीनंही. अंधार पडल्यावर, नाक्यावरून चालत, स्कूटर नाही. हेतलबेनना पहिलं आमंत्रण.

“येतील?” मावशीनं विचारलं.

“वाण मोठं आहे असं सांगू.”

तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. “माझ्याकडे हळदीकुंकवाला कुणी आलं नाही अजून,” ती म्हणाली. मग पीठ झटकून, “वाण म्हणून टॉर्च देऊ. पण जाताना. येताना त्या रेशमी साड्यांनी गटार चाचपत येऊ दे.”

“आणि मी काय करू?”

लोकसहभागातली माझी पदवी तिला तोंडपाठ आहे, मीच शंभरदा ऐकवलीय. तिनं मला नीट न्याहाळलं.

“तू चहा दे,” ती म्हणाली. “आणि त्या येतील तेव्हा काही समजावू नको.”