इनक्युबेटरमधलं दही

सरांवर माझा अजून राग आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

ऐंशीच्या दशकात बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या कुंपणालगतच्या एका प्रयोगशाळेत मी मधमाश्यांवर पीएच.डी. करत होते. सर माझे गाईड. सह्याद्रीतल्या डोंगरी माश्या काळपट, कोकणातल्या पिवळट. अळीच्या घरावर मेणाचं झाकण बसलं की माशी ते कुरतडून बाहेर येईपर्यंत डोंगरीला काही तास जास्त लागायचे. मग कोकणी राणी आणि डोंगरी नर यांच्या मुली कोणाच्या वेळेवर बाहेर येतील? सर म्हणायचे, बरोबर मध्ये. प्रयोग सुरू होण्याआधीपासून म्हणायचे. राणीचं कृत्रिम रेतन त्यांनी स्वतः केलं होतं. हात त्यांचा खरंच हलका होता, हे नाइलाजानं मान्य करते.

झाकणं बसलेल्या चौकटी आम्ही इनक्युबेटरमध्ये ठेवायचो. डोंगरी वर, कोकणी मधल्या कप्प्यात, आणि दोघांच्या मुली, म्हणजे संकर, खाली. मी पारदर्शक कागदावर एकेका घराची खूण करायचे आणि कोण कधी बाहेर आलं ते लिहायचे.

खालच्या कप्प्यात आणखी एक गोष्ट असायची, दह्याचं पातेलं. थंडीत तिकडे दही लागता लागत नसे, आणि सरांना नि त्यांच्या तीन दोस्तांना दुपारी दहीभात हवाच. बाई मी एकटी, तेव्हा विरजण लावायचं काम कोणी न सांगताच माझ्या गळ्यात पडलं. मला त्याचा असा संताप यायचा की दूध कोमट करायचेही कष्ट मी घेत नसे. फ्रिजमधलं गार दूध, त्यात विरजण, आणि पातेलं सरळ आत. करेल इनक्युबेटर कोमट.

पहिल्या खेपेचा निकाल आला. संकर माश्या बरोबर मध्ये. सरांनी पेढे वाटले आणि शोधनिबंध टाइप करायला दिला.

मग सर लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेले. ते नसताना दोस्तही दुपारी फिरकेनात, दही बंद झालं. तेवढ्यात मी दुसरी खेप लावली, तर संकर माश्या चक्क कोकणी माश्यांच्या बरोबरीनं बाहेर आल्या. आईच्या वेळेवर. खुणा मी तीनदा तपासल्या. मग थर्मामीटरकडे लक्ष गेलं. तो कायम वरच्या कप्प्यात असायचा. मी गार दुधाचं पातेलं पुन्हा खाली ठेवलं, थर्मामीटर त्याच्या शेजारी ठेवला, आणि पारा उतरताना पाहिला. गारठ्यात अळी सावकाश वाढते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं.

सर परतले त्याच दिवशी मी सांगितलं.

"सर, पहिली खेप बाद करावी लागेल. मुली आईवर गेल्यात. मध्ये नाहीत."

"खाण तशी माती? अगं, ही म्हण झाली, विज्ञान नाही."

"खाली दही होतं, सर. संकरच्या शेजारीच."

"दूध गार कोणी ठेवलं?"

"मी."

"मग? तुझ्या आळसापायी मी निकाल बदलू? सही कर, नाहीतर दुसरा गाईड बघ."

माझं तिसरं वर्ष चालू होतं. दुसरा गाईड म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि घरी तेवढा धीर कोणालाच नव्हता. निबंधावर त्यांच्या नावाखाली मी सही केली. खोटं आहे हे माहीत असून केली. त्या क्षणी मला त्यांचा जितका तिरस्कार वाटला तितकाच माझाही वाटला.

सरांनी कागद उचलून फाईलमध्ये घातला. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, "आणि हे बघ, उद्यापासून दही घरूनच लावून आणत जा. इनक्युबेटरमध्ये नको."

म्हणजे त्यांना सगळं पटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दह्याचा डबा घेऊन गेले.