शिशाचा नळ आणि सायत्राबाई

कुठल्याही घरात गेल्यावर सायत्राबाई आधी नळ कुठे गळतो ते विचारायचीच नाही. पाईप कुठून येतो, ते विचारायची. मग पिशवीतून एक जुनं नाणं काढून पाईपावर ओरखडा ओढायची आणि डॉक्टर जीभ तपासतो तशी त्या ओरखड्याकडे बघत बसायची. आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हाही तिने हेच केलं. मला वाटलं, ही बाई काम कमी आणि नाटकंच जास्त करणार.

गोंदियात नळाची कामं करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. नवरा प्लंबर होता. त्याच्याबरोबर पाने-आऱ्या उचलत हिंडताना ती काम शिकली आणि तो गेल्यावर त्याचीच पिशवी तिने खांद्याला लावली. लोक दारातच विचारायचे, कोणी माणूस नाही का पाठवायला? ती म्हणायची, "मानूसच आली ना जी. ढोर दिसून राहिली का?"

आमचं घर स्टेशनाच्या बाजूचं, जुनं. माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे, वडील रेल्वेत होते. त्यांनी तिथल्याच एका फिटरकडून नळ घालून घेतलेला. मामाजींना त्या नळाचा कोण अभिमान! साऱ्या मोहल्ल्याचं लोखंड सडलं, अपना पाईप जैसे का वैसा, असं ते येईल त्याला ऐकवायचे. त्या दिवशी स्वयंपाकघरातली तोटी तेवढी बदलायची होती. सायत्राबाईने ओरखडा ओढला तर आत चांदीसारखं चमकलं. नख दाबलं तर नखाची खूण उठली. तिने पाना पिशवीत परत टाकला, मेन कॉक बंद केला आणि म्हणाली, "हे शिसं होय. याले मी तोटी लावत नाही. घरात लेकरू आहे का?"

होतं. माझी मुलगी सात महिन्यांची होती. मला दूध पुरत नव्हतं, म्हणून डब्याची पावडर चालायची, आणि ती मी याच पाण्यात कालवायचे. मी काही अडाणी नाही हो, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. चांगलं वीस मिनिटं पाणी उकळून घेते, असं मी तिला ठसक्यात सांगितलं.

सायत्राबाईचा आवाज जरा खाली आला. "उकळलं त पानी उडते, मॅडम. शिसं कुठं जाते? थे खालीच रायते, अजून दाट होते."

दरवर्षी वर्गात मी मिठाचं पाणी आटवून दाखवते, भांड्याच्या तळाचं मीठ पोरांना बोटाने चाखायला लावते. आणि स्वतःच्या घरात माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता!

मामाजी आले आणि वाद पेटला. ऐंशी वर्षं हेच पाणी पितो आहे, मला काय धाड भरली, हे त्यांचं म्हणणं. शेवटी मोठ्या मनाने कबूल झाले की स्वयंपाकघरात दिसतो तेवढा तुकडा बदला, पण बैठकीच्या लाल फरशीखालून रस्त्यापर्यंत गेलेला पाईप तसाच राहू द्या. ती फरशी त्यांनी जिवापाड जपलेली. सायत्राबाई ऐकेना. जुन्या शिशाला नवा तुकडा जोडला तर ते हलतं, पाण्यात जास्तच सुटतं. अर्धं काम मी करत नाही, म्हणाली. मामाजी म्हणाले, दुसरा बोलावतो. ती म्हणाली, खुशाल बोलवा, तो येईपर्यंत कॉक उघडणार नाही. घर माझं आहे, असं मामाजी ओरडले तेव्हा मात्र ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

ती सडक अर्जुनीकडची, मासे धरणाऱ्या ढिवराची लेक. "माझा बाप जाळ्यासाठी घरीच शिसं वितळवे, काकाजी," ती म्हणाली. "गोळ्या पाडे आन दातानं दाबून दोरीले बसवे. मंग पोटात कळा. मंग दोनी पंजे असे लोंबले. घास मी भरवत होती त्याले. नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं तवा समजलं, तवर सारं झालतं."

मामाजी तरीही हो म्हणेनात. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता. मी बैठकीत गेले, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि पहिली फरशी मीच फोडली. मामाजींनी खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस ते जेवले नाहीत. मी ताट दारात ठेवत राहिले आणि फरशी फुटत राहिली.

मुलीचं रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. शिसं निघालं. आता पाणी बदललं, हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. मी सायत्राबाईसमोर बसून रडले. मीच पाजलं, मीच पाजलं, एवढंच तोंडात.

"रडून राहिली काऊन, पोरी?" ती म्हणाली. "मले सांगनारं कोनी नोतं. तुले मी सांगतलं. आता तू दुसऱ्याले सांग."

शिसं उतरलं. मुलगी उशिरा बोलायला लागली. ते त्यामुळेच का, कोणी छातीठोक सांगत नाही, आणि मी विचारायचं सोडलेलं नाही. आता ती पहिलीत आहे.

सायत्राबाई गेल्या थंडीत गेली. आमच्या ओळीतल्या चारही घरांना त्याच फिटरने नळ घातलेले. ती शिशाचं सांगायला गेली तेव्हा बाकी तिघांनीही तिला दारातूनच परत पाठवलं होतं. शेजारच्या घरी सून पोटुशी आहे, म्हणून काल मी गेले. तिच्या सासऱ्यांनी सुनावलं, आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही कायले पडता? आज सकाळी पुन्हा निघाले तर मामाजी चपला घालून दारात उभे. इतक्या वर्षांत त्या फरशीबद्दल ते माझ्याशी चकार शब्द बोललेले नाहीत.

"तुझं नाही ऐकणार तो, माझ्या वयाचा आहे," ते म्हणाले. "चल. मी चुकलो होतो, हे मीच सांगतो त्याला."

आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर येऊन बसलो आहोत. दार अजून उघडलेलं नाही. ते उघडल्याशिवाय आम्ही उठणार नाही.