मी मिसळणाचा डबा धुतला तेव्हा

लोणावळ्यात आमच्या गल्लीचं गणपतीतलं नाटक दरवर्षी मी बसवते. एकवीस दिवस तालीम, बाविसाव्या दिवशी पडदा वर. एवढ्या दिवसांत मी एका निवृत्त पोस्टमास्तरांना राक्षस केलं आहे आणि दोन वर्षं एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या जावांना जिवलग मैत्रिणी, निदान स्टेजवर तरी. त्यामुळे माणसाचं काहीही करायचं असलं तरी एकवीस दिवस पुरतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती घेऊनच मी माझ्या धाकट्या बहिणीला बरं करायला निघाले.

ती जूनमध्ये नाशिकहून आली. मागे टेम्पो, टेम्पोत बारा खोकी. चौदा वर्षांचा संसार संपला होता. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कोर्टात दोघांनी सह्या केल्या आणि बाहेर येऊन एकत्र चहासुद्धा घेतला म्हणे. मला हे अगदीच पटलं नाही. एवढी मोठी गोष्ट आणि त्यात एकही दणकेबाज प्रवेश नाही?

मागची खोली मी तिला दिली. बारा खोकी भिंतीला लागून रचली गेली आणि तशीच राहिली, चिकटपट्टीसकट. तिचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही चालणारं. ती काम करायची, वाढलेलं जेवायची आणि प्रत्येक पदार्थाला "छान झालंय" म्हणायची. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. त्या दिवशीही छान झालंय. तेव्हा मात्र मी घाबरले, कारण लहानपणी हीच मुलगी मीठ कमी आहे म्हणून ताट सरकवून उठायची.

मग जुलैच्या सुरुवातीला मी वेळापत्रक केलं आणि फ्रीजवर लावलं. सोमवारी धरणाच्या बाजूला फिरायला. बुधवारी शेजारणीचा प्राणायामाचा वर्ग. शुक्रवारी आमची एक लांबची आतेबहीण जेवायला, कारण तिचाही घटस्फोट झालेला होता आणि ती त्यातून, तिच्याच शब्दांत, झळाळून बाहेर पडली होती. तिने झळाळत दोन तास जुन्या नवऱ्याच्या घोरण्याविषयी सांगितलं. शनिवार-रविवार मोकळे, कारण त्या दोन दिवशी आम्ही लोणावळ्याची माणसं रस्ते पाहुण्यांना देऊन घरात बसतो. धाकटी सगळीकडे निमूट आली. निमूट येण्यालाच मी सुधारणा समजले.

वेळापत्रकाच्या अठराव्या दिवशी माझा धीर सुटला. तालमीच्या अठराव्या दिवशी पाठांतर झालेलं असावं लागतं, आणि इथे तर खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. ती अंघोळीला गेल्यावर मी सर्वांत वरचं खोकं उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिचा मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, सात वाट्यांचा, काठाला पोचा आलेला. आत मोहरी, जिरं, हळद, सगळं तसंच होतं, थोडं एकमेकांत सांडलेलं. मला इतका आनंद झाला. मी तो डबा रिकामा केला, चिंचेने घासला, पुसून कोरडा केला आणि बाजारातून आणलेले ताजे मसाले त्यात भरले. मग ओट्यावर मधोमध ठेवला आणि प्रेक्षकांची वाट पाहत उभी राहिले.

ती केस पुसत स्वयंपाकघरात आली. डबा पाहिला, उघडला. हळदीच्या वाटीत बोट फिरवलं. मग म्हणाली, "यातलं आधीचं कुठंय?"

मी अभिमानाने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

तिने झाकण लावलं. रात्रीच्या जेवणात तिने मला सांगितलं की पुण्यात एक खोली तिने बघून ठेवली आहे आणि एक ऑगस्टपासून ती तिथे जाईल. आवाज अगदी गोड होता. बिनमिठाची आमटी छान म्हणणारं माणूस परक्या शहरात एकटं राहिलं, तर ते जेवलं की नाही हे कोण बघणार? एक तारखेला दहा दिवस उरले होते.

वेळापत्रकात एकच गोष्ट राहिली होती, बेडसे. आईकडून आलेली आमची भाताची दोन खाचरं तिथे आहेत. वरच्या वाडीतली एक मावशी आईच्या काळापासून ती कसते आणि निम्मं भात आम्हाला देते. माझं शेतीचं ज्ञान म्हणजे दरवर्षी लावणीनंतर एकदा जायचं, हिरव्या शेताचा फोटो काढायचा आणि तो घरच्या ग्रुपवर टाकायचा. त्या वर्षी मी धाकटीला बरोबर घेतलं. हिरवं पाहिलं की मन निवतं, असं मी तिला कामशेतहून निघालेल्या जीपमध्ये सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि आमचं खाचर पिवळं होतं.

पाच दिवसांपूर्वीच लावणी झाली होती. एरवी मी सावकाश, महिन्याभराने जायची. या वेळी घाईत लवकर गेले होते. रोपं मलूल, पाण्यावर वाकलेली, काहींची टोकं करपल्यासारखी. वर्षाचं भात गेलं, असंच मला वाटलं. मावशी पलीकडच्या बांधावर प्लॅस्टिकचा कागद पांघरून गवत काढत होती. तिला हाक मारायचं सोडून मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरले. एक रोप उपटून पाहिलं, मूळ धरलंय का. मला काही कळेना, म्हणून दुसरं उपटलं. मग तिसरं. पाहिलेलं परत खोचत गेले, जरा जास्तच खोल, म्हणजे पक्कं बसेल. पंधरा-वीस तरी झाली असतील.

"ताई," मावशीचा आवाज आला, "काय पडलं का वं तितं तुमचं?"

मी सांगितलं की सगळं पिवळं पडलंय.

"व्हय, पडनारच की," ती जागची न हलता म्हणाली. "तिकडनं उपटून हितं आनलंय त्याला. मुळं तुटल्यात. आठ-धा दिस असंच ऱ्हातंय. मंग आपलं आपन हिरवं हुतंय."

"आणि नाही झालं तर?"

"हुतंय वं. पन तुमी असं याक-याक उपटून बगाया लागला, तर ते धरंल कवा?"

मी रुबाबात बाहेर यायला निघाले. पण चिखलाने माझा उजवा पाय ठेवून घेतला आणि मी सगळ्या रुबाबासकट खाली बसले. बांधावरून एक आवाज आला. धाकटी हसत होती. जून-जुलैत पहिल्यांदाच, पोट धरून. म्हणून मी उठताना आणखी एकदा पडले. ते दुसरं पडणं अभिनयातलं होतं, हे मी आज कबूल करते. त्याला मात्र ती हसली नाही. ती मी खोचलेल्या रोपांकडे बघत होती. ही जगतील का, तिने मावशीला विचारलं.

"निम्मी जगत्याल. बाकीच्या जागी दुसरी लावू. कोपऱ्यात जास्तीचं रोप ठिवलंय म्या. दर साली कोन ना कोन काय तरी करतंयच."

परतीच्या जीपमध्ये मी चिखलाने भरलेली, म्हणून आम्हाला मागचं बाक अख्खं मिळालं. कामशेत जवळ आलं तेव्हा धाकटी बोलली.

"त्या डब्यातली हळद त्या घरातली शेवटची होती, ताई. मला ती फेकायची नव्हती. रोज थोडी थोडी घालून संपवायची होती."

मी पदरावरचा चिखल खरवडला. 

"मला माहीत नव्हतं गं," मी म्हणाले.

"तू विचारलं नाहीस. आता डबा परत खोक्यात ठेव, खोकं चिकटव. एक तारखेला मी जात नाही. पण पुढचे दोन महिने मला काही विचारू नकोस. कशी आहेस, हेसुद्धा नाही."

घरी येऊन मी आधी वेळापत्रक काढलं, मग खोकं चिकटवलं. आणि मग सुरू झाली माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड भूमिका, जिच्यात एकही वाक्य नाही. संध्याकाळी ती गॅलरीत बसायची, मी शेजारी शेंगा सोलत बसायची. विचारायचं काही ओठांवर आलं की आत जाऊन कुकरला विचारून यायची. पहिल्या आठवड्यात कुकरला सगळं ठाऊक झालं. नंतर हळूहळू मला त्या गप्प बसण्याची चव लागली. शेंगा सोलताना शेंगाच दिसायला लागल्या. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आमटी खारट झालीय," आणि ताट सरकवलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी मुकाट्याने दही वाढलं.

तीन आठवड्यांनी बेडशाला जाऊ या, असं तीच म्हणाली. खाचर असं हिरवं होतं की फोटो काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी उपटलेल्या पट्ट्यात मात्र रोपं जरा बुटकी होती, त्यातली निम्मी मावशीने नव्याने लावलेली. धाकटीने त्या पट्ट्याला माझं नाव दिलं आणि मावशीने ते लगेच उचललं. आजही ती वाडीभर तेच सांगते.

गणपतीच्या नाटकात मी तिला काम दिलं नाही. दोन महिने सरत आले तरी मी काही विचारलं नाही. सवयच मोडली होती. तालमीच्या दहाव्या दिवशी ती आपणहून येऊन कोपऱ्यात बसली. पोस्टमास्तर वाक्य विसरले की हळूच सांगायची.

दिवाळीनंतर मावशीने नवा तांदूळ पाठवला. मी भात लावला. नव्या इंद्रायणीचा वास घरभर पसरला. मागच्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला. ती डबा घेऊन बाहेर आली, ओट्याशी उभी राहिली आणि मी भरलेले मसाले एकेक करून माझ्या बरण्यांत परत ओतले. मग रिकाम्या डब्यात तिने आपल्या क्रमाने भरायला घेतलं. "मोहरी दे," म्हणाली. मी दिली. "जिरं." दिलं. त्या एका डब्याला तिने पाऊण तास लावला. भात गार होत होता.

"पुण्यात खोली बघायचं मी सोडून दिलंय," हळद भरताना ती म्हणाली. "पुढच्या वर्षी घेईन एखादी. इथेच जवळपास, स्टेशनच्या बाजूला."

मी मान डोलावली. अकरा खोकी अजून भिंतीशी आहेत आणि मला त्यांची मुळीच घाई नाही.

फक्त एक गोष्ट. तिने मधल्या वाटीत मेथ्या भरल्या. आमच्या आईच्या घरात, माझ्या घरात, मला माहीत असलेल्या प्रत्येक घरात मधली वाटी मोहरीची असते. मी तोंड उघडलं, मग ताट वाढून घेतलं आणि गार, चिकट भाताचा मोठा घास त्याच तोंडात घातला.