कापडाचं दुसरं टोक

इथले अनुभव मी रोज वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. शाळा नववीत सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आणि भुताखेताचं म्हणाल तर — मी ट्रकवर क्लीनर होतो. स्मशानाला लागून गाडी उभी करून टपावर झोपलोय. कधी काही दिसलं नाही, आणि दिसतं म्हणणाऱ्यांना मीच हसायचो. म्हणून तर हे कुणाला सांगायला जीभ रेटत नव्हती...

मी मूळचा आजऱ्याकडचा. हिंगोली जिल्ह्यात कसा आलो, तर ट्रकवर असताना ताप भरला. ड्रायव्हरनं आखाडा बाळापूरला रस्त्यावर उतरवलं, "परतीला घेतो" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. समोर गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं, करीमचाचांचं. त्यांनी मला आत झोपवलं, चाचीनं डाळीचं पाणी पाजलं. बरा झाल्यावर चाचांनी विचारलं, "जाणार कुठं?" मला सांगताच येईना. आई नाही, बापानं दुसरं घर केलंय. तेव्हापासून इथंच आहे, त्यांचंच काम शिकलो. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण चाचांनी उद्या "जा" म्हटलं तर जायला जागा नाही, ही धास्ती कायम पोटात असते.

गेल्या मे महिन्यात चाचीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. चाचा तिला घेऊन नांदेडला गेले. जाताना एकच बोलले, "दुसऱ्या कुणाचा हात माझ्या दुकानात लागायचा न्हाई." पूर्वी बाहेरच्या एका कारागिरानं त्यांची गिऱ्हाइकं फोडली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

त्याच दुपारी शिरड शहापूरचे एक काका जुनी ॲम्बेसिडर घेऊन आले. छताचं कापड फाटून लोंबत होतं. वरच्या फोमचा पार भुसा झालेला. दार लावलं की डोक्यावर पिवळं पीठ पडायचं.

"चाचा परवा येतील, तवा आणा," मी म्हणालो.

"परवा काय करू? उद्या लेकीला परभणीच्या दवाखान्यातून आणायचंय. एवढंसं लेकरू, त्याच्या डोळ्यात भुसा पाडू का?"

"हे दोघांचं काम हाय काका. मला एकट्याला न्हाई जमणार."

"चाचानं ठेवलंय ना तुला? मंग जमतंय. नवरीवानी लाजून काहून राहिला!"

असं म्हणून काका किल्ली हातात देऊन बाजारात निघूनही गेले.

आता हे काम कसं असतं ते सांगतो. गाडीच्या सीटा काढायच्या. जुनं कापड काढून त्याच्या मापानं नवं कापायचं. ते छताखालच्या आडव्या तारांवर टांगायचं, मग एकानं पुढच्या काचेपाशी धरायचं, दुसऱ्यानं मागच्या काचेपाशी ओढायचं आणि कडा सोल्युशननं चिकटवायच्या. मे महिन्यात सोल्युशन लगेच धरतं, सुरकुती पडली की पडली. आमच्या तोंडात चिमटे असतात, बोलता येत नाही. म्हणून चाचांची खूण — पत्र्यावर एक टकटक म्हणजे ओढ, दोन म्हणजे थांब.

मी खूप खटपट केली. पुढं चिमटे लावून मागं जावं, ओढलं की पुढचं सुटायचं. घामानं शर्ट अंगाला चिकटला. कापड वाया गेलं तर चाचांना काय सांगू... पुन्हा पुढचं टोक धरून बसलो. मध्ये कापड पडद्यासारखं लोंबत होतं, मागचं काही दिसत नव्हतं.

आणि कापड ताणलं गेलं. मागून. अगदी बेताचं, जाणत्या हातानं.

मला वाटलं चाचा लवकर परत आले. इतकं बरं वाटलं! मी एक टकटक केली, कापड आणखी ताणलं. थोडं जास्त झालं तर पलीकडूनच दोन टकटक आल्या. पुढची कड बसल्यावर तोंडातले चिमटे संपले आणि मी बोलायला लागलो. काय बोलावं मी? आईबद्दल. ती गेली तेव्हा मी ट्रकवर होतो, तोंड बघायला मिळालं नाही. हे मी चाचांना कधी सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. पलीकडून उत्तर नव्हतं. पण कापड जरासुद्धा सैल झालं नाही, माझं बोलून होईपर्यंत.

कापड वर बसलं, पडदा उरला नाही. मी मागं बघितलं.

कुणी नव्हतं. मागच्या एका दाराला भिंत लागून, दुसऱ्याला बाहेरून मीच काढलेल्या सीटा टेकवलेल्या. सीटा जागच्या हललेल्या नव्हत्या. सोल्युशनचा डबा माझ्या गुडघ्यापाशी. आणि मागची कड दुमडून चिकटवलेली.

मी बाहेर पळालो आणि काका येईपर्यंत रस्त्यावरच उभा राहिलो.

दोन दिवसांनी काका लेक आणि नातू घेऊन मुद्दाम दुकानात आले. "चाचा, पोरगं तयार केलं तुमी!" चाचा आत वाकले, छत बघितलं, मागच्या कडेवर बोट फिरवलं. गाडी रस्त्याला लागू दिली. मग म्हणाले, "मागं कोन होतं?"

"कुणी न्हाई चाचा."

"झूट नको बोलू. आपण एक दुमड मारतो, तिथं दोन हायेत. बाहेरचा माणूस घेतलास ना?"

मी सगळं सांगून टाकलं.

डोळ्यावर पट्टी बांधलेली चाची म्हणाली, "लेकराला तकलीफ काहून देऊन राहिले? आवाज ऐका त्याचा, रडवेला झालाय."

"झूट बोलणारा बी रडतो. एकट्यानं केलं ना? माझ्यासमोर कर."

दुकानामागं एक बंद पडलेली गाडी आहे. तिच्यात शिरलो. कापड टांगलं, पुढचं टोक धरलं. पत्र्यावर एक टकटक केली. थांबलो. परत केली. उन्हानं पत्रा तडतडला, तेवढंच. हात भरून आले आणि सगळं कापड माझ्या डोक्यावर आलं. मी त्याखाली तसाच बसलो. पिशवीत काय काय भरायचं, ते डोक्यात यायला लागलं...

तेवढ्यात गाडी मागच्या बाजूनं दबली. कण्हल्याचा आवाज आला — चाचांचे गुडघे दुखतात. कापड वर उचललं गेलं.

"खींच ना रे! म्हाताऱ्याचे हात किती वेळ वर राहतील?"

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रात्री ताटात माझी भाकरी नेहमीसारखी होती.

कुणी म्हणेल ऊन लागलं असेल, कुणी म्हणेल सोल्युशनचा वास चढला. वासानं डोकं फिरतं, मान्य. पण वासाला दुमड मारता येते का? मला अजून उलगडा झालेला नाही. तुमच्यात कुणी या कामातलं असेल, आणि मागच्या कडेला दोन दुमडी मारणारा कारागीर या भागात कधी होता असं माहीत असेल, तर कळवा. मी त्याला एवढं सगळं सांगितलं, पण तो कोण हे विचारायचं सुचलंच नाही.