कपाटावर काय ठेवलंय

लॉन्ड्रीत तिला सगळे कडकमावशी म्हणायचे. हे नाव आपल्या इस्त्रीमुळे पडलं, अशी तिची समजूत होती. असू द्या बापडीची समजूत. हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे दिवस की रात्र हे फक्त घड्याळावरून कळतं, तिथे ती केस काळे होते तेव्हापासून तापलेल्या रोलरमध्ये चादरी सोडत आली होती. "मावशी, एवढी एक घ्या चालवून," असं सुपरवायझर म्हणाला, की ती चादर परत धुवायला जायची आणि सुपरवायझर गुपचूप आपल्या खुर्चीत.

बाई शब्दाची पक्की. एकदा बोलली की बोलली, मग जग इकडचं तिकडे झालं तरी बेहत्तर. आणि याच गुणाने तिचं वाटोळं केलं होतं.

झालं असं, की एकुलत्या एक लेकीला तिने हातापाया पडून आपल्याच लॉन्ड्रीत चिकटवलं होतं. कायमची नोकरी, दुखलं खुपलं तर वरच हॉस्पिटल, आणखी काय हवं माणसाला? पोरीने वर्षभरही काढलं नाही. एके दिवशी एप्रन काढून ठेवला आणि म्हणाली, "आई, तुझ्यासारखं वाफेत शिजून म्हातारं नाही व्हायचं मला." वर तिने एका सायकल दुरुस्त करणाऱ्याशी लग्न ठरवलं, तेही आईला न विचारता. मग काय, दोघी एकाच मुशीतल्या. आई म्हणाली, "तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." लेक म्हणाली, "नको टाकूस." संपलं. दोन वर्षं त्या वाक्यांवर दोघी बसून होत्या.

मावशी बसून होती खरी, पण आतून जळत होती. तिला भांडायचं नव्हतं, समजूतही काढायची नव्हती. पोर वाळलीय की भरलीय, हसते का, केस बांधते की तशीच सोडते, एवढं एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. पण दिलेला शब्द आडवा येत होता. नवऱ्याकडे विषय काढावा, तर तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा गरीब माणूस, लगेच चाकांबद्दल बोलायला लागायचा. त्याची व्हॅन हल्ली सारखी पंक्चर व्हायची आणि तो उशिरा घरी यायचा. टायर तरी बदला एकदाचे, असं ती वैतागून म्हणायची.

अशात तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि वरच्या मजल्यावरच्या सिस्टरने तिला संगीत-ध्यानाच्या वर्गाला धाडलं. एका छापखान्याच्या वरची खोली, जमिनीवर चटया, आणि शिकवायला गाण्याच्या निवृत्त बाई. नवऱ्याने त्यांचं नाव तंबोरेबाई ठेवलं. पहिले काही दिवस मावशीला ध्यानबिन काही लागलं नाही. बाई बासरी लावायच्या, "श्वासाकडे बघा" म्हणायच्या, आणि ही बघायची खिडकीच्या पडद्याकडे. त्याची शिलाई उसवली होती.

एक दिवस वर्गातला दातांच्या दवाखान्यातला कारकून हळूच म्हणाला, "मी काल बाहेर पडलो होतो. वरून स्वतःला झोपलेलं पाहिलं. मग खाली जाऊन माझी स्कूटर पाहून आलो." बाकीचे गालात हसले. मावशी हसली नाही. तिच्या डोक्यात दिवाच पेटला. शरीर चटईवर, आणि माणूस बाहेर. पाऊल टाकायचा प्रश्नच येत नाही. शब्द शाबूत, आणि पोर डोळ्यांसमोर.

"बाई, असं बाहेर पडलं की लांब जाता येतं का? म्हणजे शहराच्या त्या टोकाला?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "आधी खोलीतल्या खोलीत तर जमू द्या. आणि मावशी, मी शिकवते ते मन शांत करायला. बाहेर पडणं होतं कुणाकुणाला, मी खात्री देत नाही."

खात्री कुणी मागितली होती? मावशी हट्टाला पेटली. तिने बासरी बंद करायला लावली. नुसता तंबोऱ्याचा सूर ठेवायला सांगितला, कारण तो तिच्या ओळखीचा होता. कपडे सुकवायचा मोठा ड्रम रिकामा फिरतो तेव्हा असाच घुमतो. "जरा खाली घ्या. अजून थोडा. हां, इथे." त्या सुरात तिने ओठ मिटून आपला आवाज मिसळला, आणि पहिल्यांदाच तिच्या डोक्यातली सुपरवायझर, चादरी, भांडण, सगळी वर्दळ थांबली. तळपाय बधिर झाले, मग गुडघे, मग हात जड होऊन चटईला चिकटले. छातीत मात्र सूर घुमत राहिला. डोळे उघडले तेव्हा तिला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं.

तेव्हापासून रोज कामावरून आली की हातपाय धुवायचे, मोबाइलवर तंबोरा लावायचा आणि कपाटासमोर चटईवर आडवं व्हायचं. नवरा दारातून विचारायचा, "उडालं का विमान?"

"धावपट्टीवर आहे," ती डोळे न उघडता म्हणायची.

मग कारकुनाने एक परीक्षा सांगितली. घरातल्या कुणाला तरी कपाटावर, आपल्याला दिसणार नाही अशी वस्तू ठेवायला सांगायची. बाहेर पडून ती पाहता आली, तर खरं. नाहीतर स्वप्न. मावशीला हे फार पटलं. तिने नवऱ्याला कामाला लावलं. त्याने एक दिवस विचार करण्यात घालवला, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पंक्चर होऊन उशिरा आला, आणि ती स्वयंपाकघरात असताना वर काहीतरी ठेवलं.

"ठेवलंय. बघ आता," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला, पण तिचं लक्ष नव्हतं.

त्याला वाटलं होतं, बाईची जात, तासाभरात स्टुलावर चढेल. इतकी वर्षं संसार करून माणसाला एवढंही कळू नये? ती कसली चढते. ती साधा अंदाजसुद्धा सांगेना. अंदाज म्हणजे लबाडी. दिवसांमागून दिवस गेले. त्याने स्टूल आणून कपाटाला टेकवून ठेवलं, तिने ते उचलून बाल्कनीत नेलं. "वर धूळ किती साचलीय बघ," तो म्हणाला. तिने ओलं फडकं त्याच्याच हातात दिलं. "तुम्ही पुसा. माझी नजर गेली तर परीक्षा बाद." एकदा तर त्याने वर पाल गेल्याची थाप मारली. ती म्हणाली, "जाऊ दे. तिला दिसतंय तरी काय आहे ते."

बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

सुटीच्या दिवशी दुपारी ती अशीच पडली होती. सूर लागला होता. अंग जड झालं, मग जडपणाही गेला, आणि कुणीतरी खालून हलकेच सोडून द्यावं तशी ती वर आली. घाबरली नाही. खाली चटईवर एक बाई पडली होती. मनगटांवर रोलरचे जुने चटके, भुवया झोपेतही आवळलेल्या. अरे, ही तर मीच, तिला वाटलं. किती थकलीय. पंख्याच्या पात्यांवर वरून धूळ दिसत होती. कपाट इथेच होतं, बाजूला. नुसती मान वळवायची होती.

पण तिला दारात नवरा दिसला. तो आधी कपाटाकडे बघत होता, मग चटईवरच्या तिच्याकडे. आणि रडत होता, आवाज न करता, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. कपाट राहिलं बाजूला, ती धाडकन खाली आली आणि तिने डोळे उघडले.

खरंच वर गेली होती की डोळे किलकिले झाले होते, ते तिचं तिला ठाऊक. आपण कशाला शपथेवर सांगायचं?

तो दारातच होता. पटकन हसरा चेहरा करून म्हणाला, "चहा टाकू?"

"रडत का होतात?"

"मी? कुठे?"

"मी पाहिलं. काय आहे वर?"

तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. "अगं, चढ ना एकदाची त्या स्टुलावर. किती दिवस वाट बघू? मी सांगणार नाही असं कबूल केलंय. दाखवणार नाही असं नव्हतं केलं. म्हणून ठेवलं ना तिथे. मला वाटलं तू बघशील, आणि तू आपली सूर लावून बसलीस."

कुणाला कबूल केलंय, हे तिने विचारलं नाही. इतकी पंक्चरं कुठे होत होती, ते तिला आता कळलं. ती उठली, बाल्कनीतून स्टूल आणलं, चढली आणि वर हात फिरवला. काहीतरी मऊ हाताला लागलं. मुठीत धरून ती खाली आली आणि खिडकीशी जाऊन मूठ उघडली.

विणलेला मोजा होता. अंगठ्याएवढा.

सवयीने तिने तो उलटा केला, शिवण बघितली, नाकाशी धरला. नवीन नव्हता. पुष्कळदा धुतलेला होता, टाच घासली होती. कडेला एक पिवळट डाग होता.

"दुधाचा आहे," ती म्हणाली. "आधी थंड पाण्यात भिजवायचा असतो. गरम पाण्यात घातलाय हिने, आता पक्का बसला. आईने एवढंही शिकवलं नाही का..."

आणि ती थांबली. वाक्य तिचंच होतं आणि ते तिलाच लागलं. मोजा तिने गालाला लावला, आणि कडकमावशी लॉन्ड्रीत कुणी कधी ऐकलं नसेल अशी मोठ्याने रडली. नवरा शेजारी नुसता उभा राहिला. पाठीवर हात ठेवावा की नाही, हेही त्याला सुचेना.

जरा वेळाने तिने तोंड पुसलं.

"मुलगा की मुलगी?"

"सांगणार नाही म्हटलं ना. ती म्हणाली, आईला यायचं तर माझ्यासाठी येऊ दे, बाळासाठी नको."

"बरोबर बोलली," ती म्हणाली. "नका सांगू. गाडी काढा."

"अगं, पण तू शब्द दिला होतास."

"माझा शब्द आहे. मोडायचा की ठेवायचा ते मी बघते. पोर दोन वर्षं माझी वाट बघतेय, आणि मी इथे छताला चिकटून तिला बघायला निघाले होते. म्हणजे मला ती दिसावी आणि तिला मी दिसू नये. असली कसली आई?"

तो घाईघाईने किल्ली शोधायला लागला, उशीखाली, टीव्हीमागे, खिशात. ती तोवर जिना उतरू लागली होती.