आपांचा संशय

आपांना ‘चालतंय’ हा शब्द शिवीसारखा लागायचा. कुणी प्रोग्रॅम संपवून, आळोखेपिळोखे देत “आपा, चालतंय” म्हणालं, की त्या चष्मा काढायच्या, ओढणीच्या टोकाला पुसायच्या आणि विचारायच्या, “चालतंय, की अजून पडलं नाही?” मग खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. त्यानंतर चहाची वेळ टळून गेली तरी सुटका नसायची.

रेवदंड्याला जाळी-दोर विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. शेठ, आपा, मी आणि आणखी दोघं. पुण्याची नोकरी सोडून मी किहीमला घरी परतले तेव्हा इथं चिकटले. आपा दिघीकडच्या. नवऱ्याबरोबर आखातात गेल्या, तिथं एका बँकेचे प्रोग्रॅम लिहिण्यात अर्धं आयुष्य घातलं आणि नवरा गेल्यावर परत आल्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. एरवी शेठपासून खालच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांच्या त्या आपाच.

संशय घेण्यात त्या भेदभाव करत नसत. बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून इतका वेळ पाहायच्या की कोळीण वैतागून म्हणायची, “आपा, आजचाच हाय गो, बघतेस काय?” त्यावर आपा शांतपणे म्हणायच्या, “आजचा असेल तर मला बघू दे की.” रिक्षावाल्यावर संशय, हवामानाच्या अंदाजावर संशय, सुट्टी मागणाऱ्या प्रत्येकावर तर फारच. मला एकदा खरोखर ताप आला होता, तर यांनी फोनवर मला खोकून दाखवायला लावलं. मला तापात खोकला नव्हता, याची त्यांनी बरेच दिवस आठवण ठेवली.

पण त्यांचा सगळ्यात लाडका संशय एकच होता. कुठलाही कोड दाखवा, त्या बोट ठेवून विचारायच्या, “इथे दोघं एकदम आले तर?” आमच्या प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी चालत आणि सगळ्यांचे हात एकाच माहितीत असत. एकाचं लिहून होण्याआधी दुसऱ्यानं हात घातला की सगळा घोळ. म्हणून अशा नाजूक जागेला कुलूप लावायचं. एक जण आत असेल तर दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. हे त्यांनी मला ऑफिसच्या संडासावरून शिकवलं. संडास एकच, आतली कडी तुटलेली, आणि चावी बाहेर खिळ्याला. “चावी घे, आत जा, काम उरक, चावी परत लाव. आत पेपर वाचत बसू नको, बाहेर माणसं उभी आहेत.” एकदा शेठ चावी खिशात घालून अलिबागला निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत आमचे सगळ्यांचे हाल झाले. आपा मात्र खुशीत होत्या. कुलूप न सोडणारा प्रोग्रॅम कसा असतो ते आता आयुष्यभर लक्षात राहील म्हणाल्या, आणि राहिलंही.

याच ऑफिसनं एका खाडीवरच्या फेरीबोटीसाठी तिकिटांचा प्रोग्रॅम केला होता. खाडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. बोटीवर गाड्यांसाठी ठरावीक जागा असत. लोक मोबाइलवरून जागा घेत, नाहीतर धक्क्यावरच्या खिडकीतून. खिडकीवर हिराजी बसायचा. कोळीवाड्यातला, कमी बोलणारा, गर्दीत कुणावर खेकसलेला मी तरी पाहिला नव्हता.

मग रविवारी एकाच जागेवर दोन दोन गाड्या उभ्या राहू लागल्या. एकाकडे मोबाइलवरचं तिकीट, दुसऱ्याकडे हिराजीनं दिलेलं. संगणकात पाहावं तर फक्त मोबाइलवाल्याचं नाव. हिराजीच्या तिकिटाची नोंदच नाही. बोटीवाल्यांनी निष्कर्ष काढला की हा पठ्ठ्या ओळखीच्यांना खोटी तिकिटं देतोय. त्याला खिडकीवरून उठवलं. कोळीवाड्यात आणि धक्क्यावर त्याचं नाव ‘चोर’ पडलं. शेठ म्हणाले, “मशीन कशाला खोटं बोलेल?” आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं.

आपांना पटलं नाही. मला वाटलं होतं, जगावर संशय घेणारी ही बाई हिराजीला सगळ्यात आधी फासावर चढवेल. पण त्यांनी एका गाडीवाल्याकडून हिराजीनं दिलेलं तिकीट मागवलं, त्याच जागेच्या मोबाइलच्या तिकिटाशेजारी ठेवलं आणि चष्मा पुसत बसल्या. दोन्हींवरची वेळ तीच होती, सेकंदासकट. त्या म्हणाल्या, “माणसाची लबाडी इतकी वक्तशीर नसते, बेटा. हे दोघं एकदम आलेत.”

आम्ही तिथंच दोन संगणकांवरून एकाच जागेसाठी एकदम तिकीट मागायला सुरुवात केली. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. शेठ जाता-येता हसत होते. दुपारच्या जेवणाचे डबे उघडायच्या सुमारास दोन्ही पडद्यांवर तीच जागा आली. दोघांनाही तिकीट, आणि नोंद मात्र एकाचीच. दुसऱ्यानं पहिल्याची नोंद पुसून आपली लिहिली होती.

आपांनी कोड उघडला. कुलूप होतं. पण जागा रिकामी आहे का, हे कुलपाबाहेर उभं राहून पाहिलं होतं, आणि मग कुलूप घेऊन आत नाव लिहिलं होतं. तेवढ्या वेळात दुसराही डोकावून, रिकामी आहे असं बघून रांगेत उभा राहायचा. आत गेल्यावर पुन्हा बघायचं कुणीच सांगितलं नव्हतं. मोबाइलवाला नेटमुळे क्षणभर मागे पडायचा, म्हणून पुसली जायची ती हिराजीचीच नोंद. मी चवताळून विचारलं, “हे कुणी लिहिलंय?” आपा म्हणाल्या, “मी.”

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. “सगळ्यांचं तपासलं,” त्या म्हणाल्या, “माझं कुणाला तपासू दिलं नाही.”

दुरुस्ती दोन ओळींची होती. शेठनी दार लोटून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की, आपा, गुपचूप सुधारून टाका, बोटीवाल्यांना कळलं तर काम जाईल, हिराजीला काय, दुसरीकडे कुठंही लावून देऊ. आपांनी पर्स उचलली. “शेठ, त्याला चोर म्हणतायत आणि ते मी लिहिलंय,” एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी पायात चपला सरकवून मागे धावले.

हिराजीच्या ओट्यावर त्याची बायको सुकट निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. हिराजी दारात उभा राहून जमिनीकडे बघत होता. बायको म्हणाली, “आमच्या घरान येऊन सांगून काय उपेग? आमाला म्हाईतच व्हतं, यानं काय केलेला न्हाय. धक्क्यावर सगल्यांच्या म्होरं सांगाल काय?”

आपा “हो” म्हणाल्या. पुढच्या रविवारी, गाड्यांची रांग लागलेली असताना, त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि भर गर्दीत मोठ्यानं सांगितलं की, नोंद प्रोग्रॅमनं पुसली, प्रोग्रॅम मी लिहिला, हिराजीनं दिलेलं प्रत्येक तिकीट खरं होतं. मोठ्यानं बोलायची सवय नसल्यानं त्यांचा आवाज चिरकत होता. कुणी हॉर्न वाजवला, कुणी “बरं, बरं, पुढं चला” म्हणालं. बोटीचा मालक काळवंडला. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

हिराजी खिडकीवर परत आला. बोटीचं काम आमच्या हातून गेलं. शेठनी आपांशी बोलणं टाकलं आणि महिनाअखेर आपांनी नोकरी सोडली. आज माझ्या हाताखाली चार पोरं काम करतात आणि माझा कोड त्यातल्या कुणीतरी तपासल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. हे मला कुणी शिकवलं, ते सांगायला नको.

आपा माहेरी दिघीकडे जायला निघाल्या त्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीतून सोडायला गेले. वाटेत तीच खाडी, तीच बोट. आपा स्वतः खिडकीशी गेल्या. हिराजीनं त्यांना ओळखलं, मान हलवली. पडद्यावर जागा रिकामी दिसत होती, तरी त्यानं तिकीट दिलं नाही. खुर्चीवरून उठला, बाहेर आला, बोटीच्या फळीपर्यंत चालत गेला, उभ्या गाड्या बोटानं मोजून जागा खरंच रिकामी आहे का ते पाहिलं आणि परत येऊन बसला. मागच्या गाड्या बोंबलत होत्या. इतकं होऊनही हा माणूस आपांना हिणवतोय असं वाटून माझं डोकंच फिरलं. मी पुढे होऊन त्याला काही बोलणार, तोच आपांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“बघू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “तो हक्क आहे त्याचा.”